कॉलनीच्या क्षेत्ररक्षणाची तपासणी

रविवारी सकाळी डेंटिस्ट न बोलावता घरी आले, तेही बिस्किटांचा पुडा घेऊन, तेव्हाच तपासनीसांनी सावध व्हायला हवं होतं. जो माणूस दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालतो पण कुणाच्या तोंडावर दोन शब्द बोलायचे म्हटले की ज्याची पाचावर धारण बसते, त्याने आणलेला पुडा कधीही बिनकामाचा नसतो. तपासनीसांनी मात्र पुडा घेतला, खुर्ची पुढे केली आणि चहा टाकायला सांगितला.

डेंटिस्ट हे कॉलनीच्या बेसबॉल संघाचे कप्तान. या खेळात लोकांना फटका मारणारा तेवढा दिसतो. पण निम्मा खेळ समोरच्याने मारलेला चेंडू अडवण्याचा असतो. नऊ जण मैदानात पसरायचं, चेंडू धरायचा आणि तो पळणाऱ्याच्या आधी बेसवर, म्हणजे मैदानातल्या चार ठरलेल्या टप्प्यांपैकी एकावर, पोचवायचा. कॉलनीच्या संघाचा गेला हंगाम या निम्म्या खेळातच बुडाला होता. चेंडू पायांमधून जात होते, डोक्यावरून जात होते, आणि एकदा तर दोघे सभ्य गृहस्थ एकमेकांना "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करत राहिले आणि तेवढ्यात पोस्टाच्या संघाने सामना खिशात टाकला.

"तेव्हा नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी," डेंटिस्ट बिस्कीट न खाता नुसतं फिरवत म्हणाले, "आपलं क्षेत्ररक्षण कुणीतरी नीट तपासावं असं मनात आहे. निःपक्षपाती माणसानं. तपासणीचा अनुभव असलेल्या."

"हं," तपासनीस म्हणाले. त्यांची छाती आपोआप थोडी पुढे आली.

"आणि यंदा आपण दहा झालोत. तो वरच्या मजल्यावर नवा भाडेकरू आलाय ना, तोही खेळतो. जागा नऊच. एकाला बाकावर बसावं लागणार." इथे त्यांचा आवाज खाली गेला. "ते मी सांगितलं तर बरं दिसत नाही हो. सगळ्यांचे दात माझ्याकडे आहेत."

तपासनीस कपबशांच्या कारखान्यात होते, अगदी शेवटच्या टेबलावर. तयार झालेला प्रत्येक कप पट्ट्यावरून सरकत त्यांच्यासमोर येई, ते लाकडी काडीने त्यावर हलकेच टकटक करत, कान देत, आणि मग कप एक तर खोक्यात जाई नाही तर पिंपात. त्यांच्या कानाबद्दल कारखान्यात आदर होता. एकदा मोठ्या साहेबांच्या घरी त्यांनी चहाचा कप टिचकी मारून बाजूला ठेवला होता आणि "हा गेलेला आहे" असं सांगितलं होतं. पुन्हा चहाला बोलावणं आलं नाही, पण कप खरोखरच गेलेला होता. घरात मात्र त्यांच्या टिचक्यांवर बंदी होती. कारखान्याबाहेरच्या जगाला आपल्या तपासणीची गरज पडावी हे त्यांचं जुनं स्वप्न होतं, आणि ते बिस्किटं घेऊन समोर बसलं होतं. ते लगेच हो म्हणाले.

डेंटिस्ट गेल्यावर बायको स्वयंपाकघराच्या दारात आली.

"त्या दहांत आपली लेक आहे आणि माझा भाऊ आहे, एवढं लक्षात आहे ना?"

"तपासणीत नातं नसतं."

"नसेल. जेवायला तुम्ही घरीच असता."

लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. संध्याकाळी घरी आल्यावर तिला ही बातमी कळली. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा तिची. तिकडे सगळ्यात जास्त चेंडू येतात, म्हणून ती जागा सहजासहजी कुणाला देत नाहीत. तिनेही दोन हंगाम बाकावर काढून, दुसऱ्यांच्या बाटल्या भरून, मग ती मिळवली होती. दुकानात कुणी तिला कामाबद्दल बोललं तर तिला काही वाटत नसे, पण त्या जागेबद्दल कुणी बोललं तर तिचे डोळे चमकायचे. ती नुसतं म्हणाली, "बरं झालं बाबा तुम्ही करताय. तुम्ही बरोबरच कराल." आणि शिट्टी वाजवत हातपाय धुवायला गेली. बापावर असा विश्वास टाकणारी मुलं फार जड जातात, हे तपासनीसांना पुढच्याच आठवड्यात कळायचं होतं.

बातमी कॉलनीत पसरली आणि सल्ले यायला लागले. सगळ्यात मोठा सल्ला हवामानकाकांचा. ते हवामान खात्यातून निवृत्त झाले होते, पण हवामान त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की वाऱ्याची नोंद नसलेली तपासणी ही तपासणीच नव्हे. त्यांनी त्याच दिवशी आपला एक पायमोजा गच्चीच्या कठड्याला काठीने बांधला आणि तो कुठल्या बाजूला फुगतोय ते जिन्यात भेटेल त्याला सांगायला लागले. संघात चेंडू झेलायला फलंदाजाच्या मागे बसणाऱ्या तळमजल्यावरच्या औषधवाल्याने सगळ्यांचे गुडघे आधी तपासावेत असं सुचवलं. त्याच्याकडे गुडघ्याचा एक मलम पडून होता. मेहुणे विम्याचं काम करायचे. ते जिन्यात गाठून म्हणाले, "भावोजी, कसोटीच्या दिवशी कुणाला काही झालं तर? एक छोटीशी पॉलिसी आहे." तपासनीसांनी सगळ्यांचे आभार मानले आणि पायमोज्याखेरीज काहीही स्वीकारलं नाही.

घोडं अडलं ते मैदानाच्या परवानगीपाशी. नगरपालिकेच्या कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. वापराचं कारण म्हणून त्यात चारच पर्याय छापलेले होते. सामना, सराव, सभा, प्रदर्शन.

"आमची तपासणी आहे," तपासनीस म्हणाले.

"सरावावर खूण करा."

"पण सराव नाही."

"चेंडू असणार ना? माणसं धावणार ना?"

"धावतील. पण सराव म्हणून नाही."

कारकुनाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की या माणसाच्या घरच्यांबद्दल त्याला मनापासून वाईट वाटलं असावं. "तपासणी आमच्याकडे येत नाही. तपासणी आरोग्य खात्याकडे. वर जा."

दुसरा कुणी असता तर खूण करून मोकळा झाला असता. तपासनीस वर गेले. आरोग्य खात्यातला अधिकारी त्यांचा अर्ज वाचून चक्क उभा राहिला. इतक्या वर्षांत आपण होऊन तपासणी मागायला आलेला पहिला नागरिक, असं म्हणत त्याने तिथल्या तिथे शिक्का मारला. सरकारी कामात इतकी तत्परता दिसली की शहाण्याने घाबरावं. तपासनीसांनी ती आपल्या पेशाला दिलेली दाद मानली आणि रस्त्याने गुणगुणत घरी आले.

कसोटीच्या दिवशी सगळे गॅलऱ्यांत जमले. मैदान कॉलनीच्या पाठीलाच असल्यामुळे प्रत्येकाला आपापल्या घरातून सल्ला देता येत होता. कप्तान फटके मारणार, बाकीचे आपापल्या जागी उभे राहून चेंडू धरणार, आणि तपासनीस सावलीतल्या टेबलावर प्रत्येकाच्या नावापुढे नोंद करणार असं ठरलं. नियम सरळ होता. हाताला लागून चेंडू सुटला की फुली. कारखान्यात तडा गेलेल्या कपाला असते तशीच.

सुरुवात बरी झाली. हवामानकाका वरून पायमोज्याची बातमी देत होते. भाडेकरूचा एक चेंडू सुटला, फुली. औषधवाल्याचा गुडघा वाजला, त्याला फुली नव्हती. लेकीकडे चेंडू आला, तिने धरला. लेकीच्या डाव्या बाजूला बऱ्याच लांब चेंडू गेला, ती धावत सुटली, पोचली, चेंडू ग्लोव्हला लागून उडाला. फुली. उजवीकडे लांब गेला, ती पुन्हा धावली, पोचली, सुटला. फुली. तपासनीसांची पेन्सिल जरा अडखळली, पण थांबली नाही.

आणि मग फाटकातून घरघरत एक गाडी आत आली. गाडीवर आरोग्य खात्याची पाटी आणि मागे एक नळकांडं.

"अर्ज तुमचाच ना?" गाडीवरच्या माणसाने तोंडावरचा फडका बाजूला करून विचारलं. "मैदानाची तपासणी. डास कुठे आहेत?"

"डास नाहीत. क्षेत्ररक्षण आहे."

"ते राहू द्या तसंच," असं म्हणून त्याने यंत्र चालू केलं.

बघता बघता मैदान पांढरंशुभ्र झालं. गॅलऱ्यांमधून खिडक्या आपटल्याचे आवाज आले. कप्तान बॅट घेऊन धुरात उभे होते आणि "थांबू का हो?" असं सारखं विचारत होते. पण सुरू केलेली तपासणी मध्येच थांबवायची नाही हा तपासनीसांचा कारखान्यातला नियम होता, आणि आपण तो मोडला तर हा धूरवाला हसेल असं त्यांना वाटलं. "चालू ठेवा," ते खोकत म्हणाले. कप्तानांनी चेंडू मारला. धुरात सगळे जागच्या जागी गप्प उभे राहिले. फक्त एकाच माणसाच्या पावलांचा आवाज येत होता. थोड्या वेळाने धुरातून लेक बाहेर आली, डोळ्यांतून पाणी गळतंय, ग्लोव्हमध्ये चेंडू. तिला जोराचा ठसका लागला आणि चेंडू पडला. बापाने तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि फुली मारली.

डाव्या बाजूला सगळ्यात लांब मेहुणे उभे होते. सरळ अंगावर आलेला चेंडू ते दोन्ही हातांनी, मुलाला कडेवर घ्यावं इतक्या मायेने धरायचे. जो चेंडू इकडे किंवा तिकडे जाई त्याच्याकडे ते नुसतं पाहत. धावल्याने पडायची जोखीम असते, आणि जोखमीबद्दल त्यांना इतरांपेक्षा जास्त माहिती होती. त्यांच्या हाताला लागून एकही चेंडू सुटला नाही.

दुपारी जेवण झाल्यावर तपासनीसांनी बेरीज केली. मग पुन्हा केली, या वेळी खालून वर. आयुष्यात पहिल्यांदा आपली बेरीज चुकली असावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण बेरीज बरोबर होती. सगळ्यात जास्त फुल्या लेकीच्या, आणि एकही फुली नसलेले एकटे मेहुणे. एक फुली खोडली तरी लेक वाचत नव्हती, पाच खोडायला हव्या होत्या, आणि पाच तर सोडाच, एक खोडायलाही हात धजला नसता. धुरातली फुली तरी सोडावी का, याचा त्यांनी बराच वेळ विचार केला. पण धूर सगळ्यांनाच सारखा होता. निदान लेकीला आधी घरात सांगावं असंही त्यांच्या मनात आलं होतं. ते त्यांनी झटकून टाकलं, कारण ती सवलत झाली असती आणि बाकीच्यांना ती मिळणार नव्हती. न्यायाच्या नादात माणूस किती मूर्खपणा करतो हे त्याला त्या क्षणी कळत नाही, तेव्हा त्याला आपण फार उंच उभे आहोत असं वाटत असतं.

संध्याकाळी सोसायटीच्या खोलीत त्यांनी निकाल वाचला. मेहुण्यांचं नाव पहिलं आलं तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मेहुणे उभे राहिले आणि शाळेत बक्षीस मिळाल्यासारखे सगळ्यांकडे बघून वाकले. शेवटचं नाव लेकीचं होतं. लेकीने मान खाली घातली नाही. "ठीक आहे," ती म्हणाली, आणि भाडेकरूला आपली जागा समजावून सांगायला लागली. तिथे चेंडू कसा उसळतो, उन्हं कुठून डोळ्यांवर येतात, सगळं. ती रडली असती तर बापाला सोपं गेलं असतं.

घरात मोठा पेच झाला. बायकोचा भाऊ जन्मात पहिल्यांदा कशात तरी पहिला आला होता. तिने बहिणीला फोन लावला, मावशीला लावला, आणि तिसऱ्या फोनच्या मध्येच तिला लेक आठवली. मग तिने फोन ठेवला आणि नवऱ्याशी अबोला धरला. भाजी वाढताना "अजून हवी का?" हे विचारणं बंद झालं. लेक मात्र बोलत होती, नीट बोलत होती, पण सकाळी निघताना "येते बाबा" म्हणायची ते तिने सोडून दिलं. तपासनीस दरवाजा बंद झाल्यावरही थोडा वेळ कान देऊन बसत. कारखान्यात त्या आठवड्यात त्यांनी दोन गेलेले कप खोक्यात टाकले.

इकडे मेहुणे गुरू झाले. संघाचा सराव संपला की ते सगळ्यांना भोवती बसवून सांगायचे, "मुळात जायचंच कशाला? जो गेला त्याचाच चेंडू सुटतो. निकाल बघा ना भावोजींचा. मी कुठे गेलो?" निकाल तर सोसायटीच्या फळ्यावर सही-शिक्क्यासह लागलेला होता. हळूहळू सगळ्यांना ते पटायला लागलं. औषधवाल्याच्या गुडघ्याला तर ते आधीपासूनच पटलेलं होतं.

हंगामाच्या आधी पोस्टाच्या संघाबरोबर एक मैत्रीचा सामना ठेवला होता. तपासनीस नोंदी करायला टेबलावर, शेजारच्या बाकावर लेक. सामना सुरू झाला आणि कॉलनीचा संघ अगदी नजर लागावी असा सुरेख उभा राहिला. प्रत्येक जण आपापल्या जागी, पाय जुळवून. पोस्टाने चेंडू मारला, तो भाडेकरूच्या चार हात बाजूने गेला, भाडेकरूने त्याला वाट करून दिली. पुढचा मेहुण्यांच्या बाजूने गेला, मेहुण्यांनी मान वळवून त्याला निरोप दिला. पोस्टाचे लोक पळत राहिले. कॉलनीच्या कुणाचीही एकही चूक झाली नाही. तपासनीसांचा कागद सुरुवातीला होता तसाच कोरा होता, आणि पोस्टाचा गुणलेखक शेजारी दुसरा कागद मागत होता.

मग एक चेंडू हळूहळू घरंगळत आला आणि भाडेकरू आणि मेहुणे यांच्या बरोबर मध्ये गवतात थांबला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. पोस्टाचा माणूस एक बेस घेऊन थांबला, कुणी येतंय का बघितलं, दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि मग चक्क चालत फटका मारायच्या जागी परत येऊन धाव पुरी केली.

तेव्हा तपासनीसांचं लक्ष शेजारी गेलं. दर चेंडूला लेक बाकावरून अर्धी उठत होती आणि पुन्हा बसत होती. तिला ते कळतही नसावं. तिच्या बुटांखालची माती पाय घासून घासून उकरली गेली होती. तपासनीस त्या मातीकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोक्यात जे व्हायला हवं होतं ते उशिरा का होईना झालं. कारखान्यात कप आपण होऊन त्यांच्यापुढे यायचे. जो कप पुढे आलाच नाही त्याचा विचार त्यांना कधी करावा लागला नव्हता. इथे चेंडूपर्यंत आधी जावं लागतं, आणि जो गेलाच नाही त्याची चूक त्यांच्या कागदावर पडायला जागाच नव्हती. सगळ्यात जास्त जाणाऱ्या माणसाला त्यांनी सगळ्यात जास्त शिक्षा केली होती, आणि ते माणूस त्यांचंच होतं.

"मी चुकलो," ते हळूच म्हणाले.

लेकीने मैदानावरची नजर काढली नाही. "फुल्या बरोबर होत्या, बाबा. सुटलेच होते माझ्याकडून."

"पण तू पोचली होतीस. बाकी कुणी पोचलंच नसतं तिथे."

"जायचंच असतं ना," ती म्हणाली, आणि पुन्हा अर्धी उठली.

दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर तपासनीस सरळ दवाखान्यात गेले. डेंटिस्टांच्या खुर्चीत सोसायटीचे सेक्रेटरी आ करून पडले होते. "निकाल मागे घेतोय," तपासनीस दारातूनच म्हणाले. "पुन्हा तपासणी करायची. या वेळी जो चेंडू कुणी अडवायला गेलंच नाही त्यासाठी जवळ उभा असलेल्याच्या नावापुढे फुलीसारखाच एक गोल काढला जाईल. आणि तुमचीही तपासणी होईल. मागे तुम्ही बॅट घेऊन उभे होतात, तुमची कुणी केलीच नाही." डेंटिस्टांच्या हातातलं अवजार थांबलं. सेक्रेटरींनी घशातून मोठा आवाज काढला. तो होकार होता की दुखल्याचा, हे दोघांनाही कळलं नाही, पण तपासनीसांनी होकार धरला.

परवानगीच्या कार्यालयात त्यांनी या वेळी मुकाट्याने सरावावर खूण केली. ते करताना त्यांचे कान लाल झाले होते. कारकून म्हणाला, "शाब्बास." इतकी वर्षं जपलेला ताठा एका खुणेत गेला, आणि गंमत म्हणजे जिना उतरताना त्यांना हलकं वाटत होतं.

दुसऱ्या तपासणीत मेहुण्यांच्या नावापुढे गोलच गोल झाले. लेकीच्या फुल्या होत्याच, पण गोल नावाला. ती पहिली आली. खरा धक्का दिला तो कप्तानांनी. ते पहिल्या बेसवर उभे राहत. ती जागा सोपी, एक पाय बेसवर ठेवायचा आणि बाकीच्यांनी फेकलेला चेंडू धरायचा. पण चेंडू जवळ आला की कप्तानांचे हात आपोआप मागे जात. मागच्या हंगामात फेकणाऱ्यांचं चुकतं असंच सगळे धरून चालले होते.

घरी बायकोने पहिल्यांदा तोंड उघडलं. "म्हणजे आता माझ्या भावाला बसवणार." तिच्या आवाजात रागापेक्षा वाईट वाटणं जास्त होतं. लेक पुन्हा आत आली म्हणून तिला आनंद झाला होता, आणि भाऊ बाहेर जातोय म्हणून तो आनंद तिला नीट घेता येत नव्हता. तपासनीस कागद समोर घेऊन बसले. मेहुणे हलत नाहीत हे खरं. पण दोन्ही तपासण्यांत त्यांच्या हातातून एकही चेंडू सुटलेला नाही, हेही तितकंच खरं. ते तसेच सपाता घालून मेहुण्यांच्या घरी गेले.

"पहिल्या बेसवर उभा राहशील?"

"तिथे काय करायचं असतं?"

"पाय बेसवर ठेवायचा. चेंडू तुझ्याकडे येईल तो धरायचा."

"म्हणजे हलायचं नाही?"

"हलायचंच नाही. हललास तर चूक."

मेहुण्यांना भरून आलं. "भावोजी, अशी जागा आहे हे मला आजवर कुणी सांगितलं का नाही?"

मेहुण्यांची डावीकडची जागा भाडेकरूला मिळणार होती. राहिले कप्तान. त्यांना सांगायचं काम अर्थातच तपासनीसांवर आलं, आणि ते मनाची तयारी करून गेले. डेंटिस्टांनी ऐकून घेतलं, दवाखान्याचं दार लावलं, आणि आपली दहाही बोटं टेबलावर पसरली. "या बोटांवर घर चालतं हो," ते म्हणाले. "दर सामन्याच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही. पण कप्तानानं कसं सांगायचं?" मग त्यांनी तपासनीसांचा हात हातात घेऊन इतका वेळ हलवला की शेवटी तपासनीसांनाच तो सोडवून घ्यावा लागला. बाकावरून कप्तानपद जास्त चांगलं करता येतं, असं पुढे डेंटिस्ट सगळ्यांना सांगू लागले.

हंगामाचा पहिला सामना पुन्हा पोस्टाशीच आला. चेंडू लेकीच्या उजवीकडे लांब गेला, ती गेली, अडवला, वळता वळता फेकला. मेहुणे तसूभर हलले नाहीत. चेंडू त्यांच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसला आणि पोस्टाचा माणूस बाद झाला. बायको मुलीसाठी टाळ्या वाजवत होती की भावासाठी हे सांगता आलं नसतं, पण ती उभी राहून वाजवत होती. थोड्या वेळाने तिने मागून नवऱ्याला विचारलं, "चहा हवाय का?" पुष्कळ दिवसांनी त्यांना काहीतरी हवं आहे का असं कुणी विचारलं होतं.

सामना अगदी अटीतटीला आला असताना एक चेंडू लेकीच्या डाव्या बाजूने सुसाट निघाला. तो कुणाच्याच हाती लागणारा नव्हता. ती धावली, आडवी पडली, चेंडू ग्लोव्हच्या टोकाला लागला आणि उडून बाजूला पडला. पळणारा बेसवर पोचला.

"चूक ना?" पोस्टाच्या गुणलेखकाने पेन्सिल टेकवत विचारलं.

"चूक कसली?" तपासनीस म्हणाले.

"हाताला लागून सुटला."

"हाताला लागला कारण हात तिथे होता. तुमच्यातला कोण पोचला असता तिथे? नाव सांगा." बोलता बोलता ते उभे राहिले. ज्यांनी जन्मभर एका तड्यावरून कधी कुणाशी वाद घातला नव्हता, ते आता पोस्टाच्या गुणलेखकाला टेबलाभोवती फिरून अंतर दाखवत होते, मध्येच गॅलरीतल्या हवामानकाकांना वाऱ्याची साक्ष द्यायला सांगत होते, आणि काका पायमोज्याकडे बोट दाखवून होकार देत होते. सामना थांबला. अंपायरने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा फाटकाकडे बोट केलं.

असे तपासनीस जाळीच्या कुंपणाबाहेर गेले. कॉलनीतले निम्मे लोक हसत होते, आणि नेहमी अशा वेळी त्यांना जो अपमान वाटायचा तो वाटेना. त्यांना फार बरं वाटत होतं.

लेक कपड्यांवरची माती झटकत कुंपणापाशी आली.

"बाबा, चूकच होती ती. धरायला हवा होता मी."

"माहीत आहे मला."

"मग भांडत कशाला होतात?"

तपासनीसांनी याचं उत्तर शोधून पाहिलं. "तू आडवी पडलीस ना," ते म्हणाले, "मग मलाही बसवेना."

ती हसली. मैदानातून अंपायर तिला हाका मारत होता. पहिल्या बेसवरून मेहुणे, पाय न उचलता, लवकर ये म्हणून हात हलवत होते.

"जा," तपासनीस म्हणाले. "तुझ्या जागेवर कुणी नाही."

ती वळली आणि पळत सुटली. मध्येच थांबून तिने मागे पाहिलं.

"येते, बाबा."